तुम्ही विचारलं नाहीत

जाहिरात टाकून सात मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात पहिला मेसेज आला. ‘फायनल बोलो.’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. गाडी किती पळालीय, कितवा मालक, काही नाही. मी मोबाइल बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, स्क्रीन नाकाशी नेली आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, आमचीच फायनल व्हायचीय अजून."

बाबांची वॅगनआर विकायला काढली होती. नोव्हेंबर २०११ ची, एमएच-१२ पासिंग, पेट्रोल, रंग राखाडी, रनिंग ६१ हजार ४००. बाबा ७९ वर्षांचे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. जूनमध्ये गाडी रिव्हर्स घेताना त्यांनी वॉचमनची खुर्ची पाडली. वॉचमन तेव्हा पाण्याचा पंप बंद करायला गेला होता, हे त्याचं नशीब आणि आमचंही. त्या दिवशी जेवण झाल्यावर बाबांनी किल्ली आणून माझ्या लॅपटॉपवर ठेवली आणि आत जाऊन पडले. एरवी त्यांची वामकुक्षी वीस मिनिटांची. त्या दिवशी साडेपाचपर्यंत उठले नाहीत.

आधी एका कंपनीचा मुलगा टॅबलेट घेऊन येऊन गेला. त्याने तासभर गाडीभोवती प्रदक्षिणा घातल्या, रंगाची जाडी मोजायचं यंत्र एकेका पत्र्याला लावलं, सीटखाली टॉर्च मारली, बाबांनी दिलेलं सरबत प्यायला आणि गेला. रात्री आकडा आला, १ लाख ८ हजार. बाबा म्हणाले, "एकशे आठ मणी माळेत असतात. गाडीला काय करायचेत?" मग ठरलं, आपणच विकायची. मध्ये कुणी नको.

आता हे सांगायला हरकत नाही की जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायचा मला नाद आहे. घ्यायची नसली तरी रात्री अंथरुणात पडून वाचत असतो. काही लोक लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी स्थळांच्या जाहिराती वाचतात, तसलंच. भाषाही जवळपास तीच. ‘सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ नाही, एवढंच. त्याऐवजी ‘शोरूम कंडिशन, सिंगल हँड’. ‘डॉक्टरांची गाडी’ हा एक लाडका प्रकार. पुण्यात जेवढे डॉक्टर गाड्या विकतात तेवढे डॉक्टर पुण्यात आहेत का, अशी मला शंका आहे. ‘लेडीज ड्रिव्हन’ म्हणजे हळू चालवलेली असं सुचवायचं असतं. माझी बायको एक्स्प्रेसवेला कशी चालवते ते मी शेजारी बसून, पाय ताठ करून पाहिलेलं असल्यामुळे माझा त्यावर विश्वास नाही. ‘एक रुपयाचं काम नाही’ हे वाक्य दिसलं की दहा-पंधरा हजारांचं काम नक्की धरावं. आणि ‘टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये’ असं लिहिणारा माणूस फोनवर अर्धा तास बोलतो.

फोटोंचीही एक भाषा असते. गाडी धुऊन ओली असतानाच काढलेला फोटो असेल तर समजावं, पाण्याखाली ओरखडे झाकलेत. म्हणूनच पावसात गाडी बघायला जाऊ नये. आणि गेल्या गेल्या, मालकाशी हात मिळवायच्या आधी, बॉनेटला हात लावावा. गरम असेल तर आपण यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलेली असते, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना काय कुरकुर करतं ते आपल्याला ऐकू येऊ नये.

हे सगळं माहीत असून मी आमच्या जाहिरातीत काय लिहिलं? सगळं लिहिलं. डावा मागचा दरवाजा खांबाला घासलेला, पोचा आहे, फोटो क्र. ९ पाहा. पुढच्या सस्पेन्शनचे बुश गेलेत, स्पीडब्रेकरवर खडखड आवाज येतो. एसीचा कॉम्प्रेसर २०२१ मध्ये बदललाय. चारही टायर २०१९ चे, बदलावे लागतील. (टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. टायरला कितीही काळं फासलं तरी हे आकडे पुसले जात नाहीत.) आरसीची पंधरा वर्षं नोव्हेंबर २०२६ ला संपतात. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "गाडी विकतोयस की कबुलीजबाब देतोयस?"

तिला माहीत होतं, म्हणूनच ती तसं म्हणाली.

२०१९ च्या डिसेंबरात मी एक आय-टेन घेतली होती. अशीच, जाहिरात वाचून. २०१२ चं मॉडेल, पांढरी, एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग. विकणारे गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे, पुण्याला मुलाकडे राहायला आलेले. धनकवडीत तिसरा मजला. मी आमच्या मेकॅनिकला बरोबर नेलं होतं. त्याने ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ साय जमलीय का ते बघितलं, डिपस्टिक बोटांत पुसली, सायलेन्सरमागे तळहात धरला, कात्रजच्या जुन्या घाटात एक फेरी मारून आणली. इंजिन एक नंबर. मग चहा आला, चहाबरोबर चिवडा आला. कोल्हापूर म्हटल्यावर माझ्या तोंडून सहज गेलं, "ऑगस्टमध्ये फार हाल झाले असतील तुमच्याकडे."

आणि ते बोलायला लागले. पंचगंगेचं पाणी आधी अंगणात आलं, मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं, मग सहाव्या. वरच्या खोलीत दोन रात्री काढल्या, बिस्किटांवर. मग बोट आली. आठ दिवसांनी परत आले तर फ्रिज तरंगत तरंगत दुसऱ्या खोलीत जाऊन आडवा पडलेला. देवघरात गाळ. "समईत गाळ होता हो," असं ते दोनदा म्हणाले. त्यांची पत्नी उठून आत गेली. अशा घरात बसून भाव पाडायला माझी जीभ रेटेना. त्यांनी २ लाख १० हजार सांगितले होते, मी २ लाख ५ म्हणालो, ते "बरं" म्हणाले. मीच ओशाळलो.

घराची सगळी गोष्ट त्यांनी सांगितली. तेव्हा गाडी कुठे उभी होती, हे त्या गोष्टीत नव्हतं.

महिन्याभराने आईला मागे बसवून कुठेतरी निघालो होतो. तिला मी पट्टा लावायला सांगितला, तर म्हणाली, "पुरत नाही रे, अडकतोय." मी मागे जाऊन ओढला. थोडा आला, अडला, परत ओढला. कर्रकर्र करत शेवटपर्यंत बाहेर आला, तेव्हा वीत-दीड वीत पट्टा काळा नव्हता. मातकट होता. आणि जिथे काळा संपून मातकट सुरू होत होता तिथे पट्टीने आखल्यासारखी रेघ. बोटाने घासलं तर पिठीसारखी बारीक माती निघाली, नखात गेली. आई म्हणाली, "रंग उडालाय का?"

मागचा पट्टा आपल्याकडे कुणी लावत नाही. म्हणून तो कुणी धुतलाही नव्हता. गाडीतलं मॅटिंग नवं कोरं का होतं, ते तेव्हा कळलं. घेताना मला तो बोनस वाटला होता.

मी फोन केला. गृहस्थ अजिबात चिडले नाहीत. "पाणी सीटपर्यंतच होतं. इंजिनात गेलं नव्हतं. मी सगळं उघडून, वाळवून घेतलंय." (मागच्या पट्ट्याची चकरी सीटच्या बरीच वर असते, हे दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बोट ठेवून दाखवलं.) मग ते थोडं थांबले आणि म्हणाले, "आणि गाडीचं तुम्ही विचारलं नाहीत."

खरं होतं. मी घराचं विचारलं होतं. गाडी ताब्यात घेतल्याच्या पावतीवर ‘बघून, चालवून, पसंत पडून, आहे त्या स्थितीत’ असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी झोकदार सही होती. फार राग आला. पण तो राग सरळ त्यांच्यावर जाऊन आदळेना. मध्ये ती समई यायची.

२०२० च्या पावसाळ्यात गाडीला कंठ फुटला. रात्री दोन वाजता पार्किंगमधून खट्ट आवाज यायचा. सेंट्रल लॉक आपलं आपण उघडायचं, बंद व्हायचं. वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवा थर चढलेला. दोनदा काम केलं. पहिल्या पावसानंतर काचा बंद करून बसलं की गाडीत नदीचा वास यायचा. दुसरा शब्द नाही त्याला.

मार्च २०२१ मध्ये मी ती विकली.

इथे जरा हळू लिहितो. घ्यायला आलेला मुलगा पंचवीस-सव्वीसचा, चाकणला कंपनीत शिफ्टला जाणारा, मूळ कराडकडचा. कोविडमुळे बसने जायची सोय राहिली नव्हती, घरी आजी आजारी, आठवड्याला गावी जायचं. मास्क लावून आला, मास्क लावूनच गेला. त्याचा पूर्ण चेहरा मी पाहिलेला नाही. बरोबर कुणी नव्हतं. त्याने बॉनेट उघडलं, उगाच दोन पाइप हलवून बघितले, हॉर्न वाजवला. मग मला म्हणाला, "दादा, काही मेजर काम?" मी म्हणालो, "इंजिनला काही नाही. इलेक्ट्रिकलचं थोडंफार होतं, करून घेतलंय." यातला शब्द न् शब्द खरा होता. माझ्या जाहिरातीतही एक अक्षर खोटं नव्हतं. ‘इंजिन एक नंबर, एसी चिल्ड.’ पुराचं त्याने विचारलं नाही. एमएच-०९ बघूनही विचारलं नाही. मी मनातल्या मनात वाट बघत होतो, तो विचारेल. विचारलं तर सांगायचं असं मी ठरवलंही होतं. मागच्या सीटवर तो बसला नाही. पट्टा मी आदल्या रविवारी धुतला होता.

१ लाख ७५ हजार.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, नाव बदलायचं काम मी स्वतः मागे लागून पुरं केलं. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकून ‘टीटी सेट’, म्हणजे नाव बदलायच्या कागदांचा गठ्ठा, एजंटाच्या हातात द्यायचा आणि विसरून जायचं, ही आपल्याकडची रीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगून टाकलंय की, गाडी हातोहात कितीही पुढे विकलेली असो, आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच. म्हणजे स्वतःची मान सोडवायला काय काय करायचं ते मला पक्कं माहीत होतं, आणि ते मी बिनचूक केलं.

राहिला तो फास्टॅग. फेब्रुवारीतच सक्तीचा झाला होता, माझ्या खात्याला जोडलेला, काचेवर तसाच चिकटून गेला. टोल कापल्याचा पहिला मेसेज आला त्याच शनिवारी. खेड-शिवापूर. तासाभराने आनेवाडी. मग तासवडे. आजीकडे निघाला होता. रविवारी रात्री उलट्या क्रमाने. मुलाला फोन करून सांगायचं, टॅग बंद करायचा, पाच मिनिटांचं काम. मी केलं नाही. पुढच्या शनिवारी परत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे. मेसेज आला की बरं वाटायचं, गाडी घाट चढून गेली म्हणून. शिल्लक संपत आली तेव्हा मी ५०० रुपये भरले. मग आणखी एकदा ५००. बायकोला कळलं तेव्हा तिने मला वेड्यात काढलं नाही, नुसती बघत राहिली. जूनमध्ये मेसेज थांबले. त्याने स्वतःचा टॅग घेतला असेल. आजी गेली असेल. पावसाळाही तेव्हाच सुरू होतो.

तर असा तो कबुलीजबाब.

वॅगनआरची जाहिरात टाकली ७ सप्टेंबर २०२५ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. आणि चारच दिवसांपूर्वी जीएसटी परिषदेने लहान गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणल्याचं जाहीर केलेलं, लागू २२ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेपासून. जुनी गाडी बाजारात आणायला याहून वाईट मुहूर्त पंचांग घेऊन बसलो असतो तरी काढता आला नसता.

फोन येत होते, पण गाडी घ्यायला नव्हे, आम्हाला ज्ञान द्यायला. "नवीनच स्वस्त झाली ना साहेब आता." "पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल टाकतायत, जुन्या इंजिनाची वाट लागते म्हणे." "पंधरा वर्षांनी भंगारात घालावी लागेल ना?" तो नियम दिल्लीचा. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी करून, फी भरून आणखी पाच वर्षं मिळतात; फी मात्र आता ५ हजार आहे आणि पर्यावरण कर वेगळा. मी हे इतक्यांदा समजावलं की आई स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य आधीच म्हणायला लागली.

एकजण ‘सैन्यात’ होता. गाडी न बघता घेणार, पूर्ण किमतीला, आत्ता. पैसे पाठवायला म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला आणि मला स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो, एवढं मला कळतं. मी त्याला म्हटलं, जय हिंद. त्याने मला शिवी दिली.

‘घरच्यासाठी पाहिजे’ म्हणणारे निम्मे दलाल होते. घरच्यासाठी घेणारा माणूस आधी अॅव्हरेज विचारतो. दलाल विचारतो, "कागद क्लिअर आहेत ना? कॅश घेऊन येतो."

पण मला खरा धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. मी सगळे दोष लिहिले होते, त्यामुळे लोक निर्धास्त होतील अशी माझी समजूत. झालं उलटंच. "एवढं लिहिलंय म्हणजे लपवलेलं किती असेल!" असं एकाने तोंडावर सांगितलं. दुसऱ्याने, "दादा, खरं सांगा, ठोकलीय ना?" म्हणून तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा नाही म्हटल्यावर "बरं, नका सांगू" म्हणून फोन ठेवला. ज्या बाजारात सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या असतात, तिथे खांबाला घासलेली गाडी संशयास्पदच ठरणार. पितृपक्ष संपेपर्यंत मी किंमत १ लाख ८० हजारांवरून १ लाख ५५ वर आणली होती. बाबा दर सकाळी विचारायचे, "आज किती?" भाजीवाल्याला विचारावं तसं.

घटस्थापनेनंतर एक मेसेज आला. ‘नमस्कार. गाडी आहे का? फोटो क्र. ९ मधला पोचा पत्र्याला आतून लागलाय की नुसता रंग गेलाय?’ जाहिरात शेवटपर्यंत वाचलेलं पहिलं माणूस. भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, राहायला धायरीला, रोजची ये-जा. रविवारी त्या आल्या, बरोबर भाऊ. भावाने येताच बॉनेटला हात लावला. मला बरं वाटलं.

बाई मात्र गाडीकडे आधी गेल्याच नाहीत. बाबांनी त्यांच्यापुढे वही ठेवली होती. शंभरपानी, तपकिरी कव्हर घातलेली, चौदा वर्षं डॅशबोर्डच्या कप्प्यात राहून कोपरे वळलेली. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, अॅव्हरेज, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘खांबाला घासली. चूक माझी.’ असंही लिहिलेलं. बाई वही पान उलटून वाचत होत्या, बोट रकान्यावरून खाली नेत, ओठ हलत. मध्येच थांबल्या. "काका, जून २०१४ ला तुमचा भागाकार चुकलाय. एकोणीस पॉइंट दोन नाही, सतरा पॉइंट चार येतंय." बाबांनी वही घेतली, पेन्सिल मागवली, मागच्या पानावर गणित केलं. "बरोबर आहे बाई. अकरा वर्षं मी उगाच खूश होतो."

तेवढ्या वेळात भाऊ गाडीत शिरला होता. स्टेपनी काढून बघितली, जॅक बघितला, मॅटिंग उचललं. मग मागच्या सीटवर बसला आणि पट्टा ओढला. ओढत राहिला. हातावर हात टाकत, विहिरीतून बादली काढावी तसा. मी बाहेर उभा होतो. ती गाडी पुराच्या कुठल्याही पाण्यात कधी गेलेली नाही, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या पोटात गोळा आला. पट्टा शेवटपर्यंत काळा होता. त्याने सोडला, तो सुर्रकन आत गेला.

वर येऊन चहा झाला. बाईंनी सगळं विचारून घेतलं, एका कागदावर लिहून आणलेलं होतं, खुणा करत होत्या. मग कागदाची घडी घातली आणि सहज म्हणाल्या, "आम्ही विचारायचं राहिलंय, असं काही आहे का?"

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा बोलले.

"एकदा तापली होती. २०१७. खंबाटकीचा घाट. काटा वर गेलेला दिसला, पण म्हटलं, माथ्यावर नेऊ आणि थांबवू. तसाच नेत राहिलो. हेड गॅसकेट गेलं. वाईला गॅरेजात दोन दिवस होती."

मी बघत राहिलो. २०१७ मध्ये ते दोघं वाईला लग्नाला गेले होते आणि ‘आग्रह फार केला’ म्हणून दोन दिवस जास्त राहिले होते. आई आतून म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, सांगून टाका."

"वहीत नाही ते," मी म्हणालो.

"नाही लिहिलं."

"का?"

"तू वाचशील म्हणून."

बाईंनी घडी उघडून कागदावर ते लिहून घेतलं. मग भावाशी बाहेर जाऊन पाच मिनिटं बोलल्या आणि १ लाख ४५ म्हणाल्या. बाबांनी माझ्याकडे न बघता "ठीक आहे" म्हटलं. पाच हजार इसार तिथल्या तिथे, बाकीचे बुधवारी खात्यावर. नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बाबांनी मार्चमध्येच ७४५ रुपये आणि वर जीएसटी भरून लावून घेतली होती, ती नसली की नाव बदलायचं काम अडतं. पावतीवर तारखेबरोबर मी वेळही घातली, सकाळी १०.४०, त्यानंतरचं चलन आलं तर कुणाचं, यावर वाद नको.

ताबा दसऱ्याला हवा होता, २ ऑक्टोबर. आदल्या रात्री बाबांनी गाडी स्वतः धुतली, मला हात लावू दिला नाही. बाईंनी झेंडूचा हार आणला, भावाने चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबांनी किल्ली दिली, दुसरी किल्ली दिली, वही दिली. विम्याचं तेवढं त्यांनी बजावलं: पॉलिसी चौदा दिवसांत नावावर करून घ्या, आणि नो क्लेम बोनस माझा, तो गाडीबरोबर जात नाही. चौदा वर्षांत एकही क्लेम नाही, ५० टक्के बोनस. तो राखून ठेवल्याचं पत्र विमा कंपनीकडून मागवायला त्यांनी मला त्याच दिवशी बसवलं. "तीन वर्षं चालतं ते पत्र," म्हणाले. कुठल्या गाडीसाठी, हे मी विचारलं नाही.

वॅगनआरचा फास्टॅग मी संध्याकाळीच बंद करून टाकला.

रात्री झोप येईना, म्हणून सवयीने मोबाइल घेतला. जाहिराती वाचायच्या सोडून परिवहनचं अॅप उघडलं आणि एमएच-०९ चा तो नंबर घातला. तो मला पाठ आहे. मॉडेल, इंधन, विमा चालू. पीयूसी पुढच्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच कुणीतरी ती सेंटरवर नेऊन, सायलेन्सरमध्ये नळी घालून तपासून आणलेली. मालकाच्या नावाची मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, पण जेवढी दिसत होती तेवढी त्या मुलाचीच होती. साडेचार वर्षं झाली. त्याने ती विकली नाही, की मागचा पट्टा ओढून बघितल्यावर विकवली नाही, ते त्यात दिसत नाही.